लाल खडूचा कोपरा

बसा गा पोट्टेहो, बसा. दूर काऊन बसून राहिले? मी काही चावत नाही. मित्रांनो, तुम्ही मिल पाहाले आले, मशीन पाहून झाल्या, आता जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी बसले आहा, तं एक गोष्ट ऐकूनच जा. या गोष्टीत एक ट्रक आहे, एक पेंटर आहे, एक टीव्ही आहे, अन् एक बाई मरता मरता वाचली, तेही आहे. फक्त मधात उठू नका. अर्धं पाहून पुढं गेलेल्या माणसाचं काय होते, तेच तं सांगाचं आहे मले.

मी एक जुना फाळका आहे. फाळका म्हणजे ट्रकच्या मागचं लाकडी फाटक. साखळी सोडली की खाली पडते, माल उतरला की वर चढते, तो मी. आता मले या भिंतीवर काळा रंग लावून टांगला आहे, म्हणून तुम्हाले शाळेतल्या फळ्यासारखा दिसून राहिलो. पण शाळेचा फळा अन् मी यात फरक आहे. शाळेच्या फळ्यापुढं पोरं तासभर बसतात. माझ्यापुढं कोणी कधी बसलंच नाही. मी साऱ्या जन्मात पळणाऱ्या लोकायलेच वाचून दाखवलं.

माझा जन्म सडक अर्जुनीचा. हायवेच्या कडेले उदाराम मिस्त्रीचा ट्रकच्या बॉडीचा कारखाना होता, तिथं मी झालो. अंग बिजाचं. ज्या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून साखरेचे बिमार लोक सकाळी पितात, तेच बिजा. उदाराम मिस्त्रीनं मले रंधला, कब्जे ठोकले, अन् मंग पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा आता ट्रक मेल्यावरही जगते." मिस्त्रीचं बोलणं खरं झालं पाहा.

मले रंगवाले श्यामलाल पेंटर आला. ट्रकवाल्याची यादी मोठी होती. देवाचं नाव पाह्यजे, दोन्ही पोरायचे नावं पाह्यजे, कमळ पाह्यजे, गरुड पाह्यजे, शेर पाह्यजे, अन् खाली गावाचं नाव.

श्यामलालनं यादी ऐकली, कानामागची बिडी काढली अन् म्हणाला, "सेठ, एवढं सगळं लिवलं तं काहीच नाही दिसनार."

"काऊन नाही दिसनार? पैसे देऊन राहिलो ना मी."

"पैसे तुमी देता, पन वाचनारा मागून येते. तो पळत असते. लिवनारा बसला असते. बसलेल्यानं पळनाऱ्याचा इचार नाही करावं का?"

अन् त्यानं माझ्या पाठीवर वरच्या बाजूले लाल रंगात दोनच शब्द लिहिले, 'अंतर ठेवा'. बाकीची यादी बारीक करून खालच्या कोपऱ्यायत बसवली. रंग वाळला तसा तो आपली लुना घेऊन हायवेवर गेला, दूरून पलटला, अन् जोरात चालवत माझ्यावर एक नजर टाकून निघून गेला. मंग परत आला अन् 'ठेवा'चा ठ थोडा जाड केला. परत गेला. परत आला. असा तीनदा. कारखान्यातले लोक हसले. तो नाही हसला. मी तेव्हा नवा होतो, मले वाटे का येडा आहे का काय हा माणूस. पुढं साठ वेळा ब्रेकचा आवाज माझ्या पाठीमागं आला अन् साठही वेळा गाडी चार हात दूर थांबली, तेव्हा कळलं का शहाणा कोण होता.

सोळा वर्षं मी रस्त्यावर राहिलो. चैतराम ड्रायव्हर होता. इटियाडोहच्या कालव्याखालचा उन्हाळी धान भरावा अन् गोंदियाच्या मिलायत ओतावा, हेच काम. धुळीनं अंग भरे, कवलेवाड्याकडच्या चिखलानं माखे, पण चैतराम रोज सकाळी ओल्या फडक्यानं ते दोन शब्द पुसून घे. बाकीचा ट्रक कधी नाही पुसला त्यानं. ते दोन शब्द पुसे.

ट्रक म्हातारा झाला, पासिंग नाही झाली, अन् याच मिलच्या मागं तो तोडला. लोखंड भंगारात गेलं. लाकडं बॉयलरच्या भट्टीकडं निघाली होती. तेवढ्यात बिसराम मुकादम आडवा आला.

बिसराम म्हणजे त्या समोरच्या खाटेवर बसले आहेत ना, पांढऱ्या मिशीचे, तेच. चवथीपर्यंत शिकले. तेव्हा मिशी काळी होती. त्यायनं माझ्यावर बोटाची टिचकी मारली, कान लावला अन् म्हणाले, "अबे, हे बिजा होय. हे जाळता?"

त्यायनं मले गेटच्या भिंतीवर ठोकला, काळ्या रंगाचे दोन हात दिले अन् माझा फळा केला. अन् पहिल्याच दिवशी दोन कायदे केले. पहिला कायदा, वरचा डावा कोपरा लाल खडूचा. तिथं फक्त जीवाची गोष्ट लिवाची. बाकी गाड्या, पाळ्या, सुट्ट्या, कोणाचं लग्न, कोणाची हरवलेली चाबी, सगळं पांढऱ्या खडूनं खाली. दुसरा कायदा, लाल ज्यानं लिवलं त्यानंच पुसाचं. दुसऱ्यानं हात नाही लावाचा, मालक असला तरी.

लाल कोपऱ्यात बिसराम जास्त काही लिहीतच नव्हते. गोदामात धानाले कीड लागली की औषधाच्या गोळ्या ठेवतात. त्यातून गॅस निघते, अन् तो गॅस किडीले मारते तसा माणसालेही मारते. त्या दिवशी कोपऱ्यात फक्त गोदामाचा नंबर, '३', अन् त्यावर मोठी फुली. बस. मिलमधल्या अर्ध्या बायायले वाचता येत नव्हतं, पण लाल दिसलं की त्या थांबत अन् विचारत, "काय होय वो आज?" वाचता येणं अन् कळणं या दोन गोष्टी आहेत, हे मी या भिंतीवर शिकलो.

एकदा एका मुन्शीनं हौसेनं लाल कोपऱ्यात लिहिलं, 'आज चार वाजता प्रसाद'. बिसरामनं त्याले हात धरून आणला अन् सगळ्यायपुढं म्हणाले, "पुस. तुझ्याच रुमालानं पुस."

"अगा बिसरामभाऊ, देवाचंच तं होय."

"देव पांढऱ्या खडूनंबी पावते. पुस."

असा मान होता माझा! एका इन्स्पेक्टर साहेबानं तं माझा फोटो काढून नेला. त्या दिवशी मी फुगलो, पाण्यानं नाही, आनंदानं.

पण मित्रांनो, फुगलेलं लाकूड बसतेच कधी ना कधी. एका मिलच्या तीन मिला झाल्या. मिलच्या सेठचं नाव इंद्रकुमार, माणूस वाईट नाही, पण पाय नेहमी गाडीत अन् फोन नेहमी कानावर. त्यायनं कंपनीच्या लोकायपुरतं एक पान काढलं कंप्युटरवर. त्याले म्हणतात इंट्रानेट. बाहेरच्याले ते दिसत नाही. आपल्या तिन्ही मिलायत दिसते, बाबूलोकायच्या कंप्युटरवर, सुपरवायझरायच्या फोनवर, अन् गेटवरच्या मोठ्या टीव्हीवर. एका ठिकाणी बातमी टाकली की सगळीकडं फिरते. चांगलीच चीज होय, मी कायले नाव ठेवू?

ते पान सांभाळाचं काम संध्याकडं आलं. संध्या कुडव्याची. रोज स्कूटीनं येते, बारावीनंतर कंप्युटर शिकली, अन् मिलमध्ये पाच वर्षं झाली. नागपूरवरून दुर्गेश नावाच्या साहेबानं तिले चार नमुने पाठवले. बातम्या पानावर कशा मांडाच्या त्याचे नमुने. ती माझ्याखालच्या पायरीवर बसून फोनमध्ये ते पाहून राहिली होती, अन् धान पाखडणारी मंदाबाई सूप घेऊन चालली होती.

"काय पाहून राहिली वो संध्या? नवरदेव का?"

"नाही वो मावशी, लेआउट निवडून राहिली."

"घेऊन टाक. कुडव्यात सगळीकडं लेआउटच पाडून राहिले, आमाले तेवढे दाखोत नाही कोनी."

"अवं प्लॉटचा नाही! बातम्यायचा. हे पाहा. हे एकाखाली एक ओळी. हे डब्बे डब्बे, डब्ब्यात फोटो. हे दोन रांगा अन् खालून पट्टी धावते. अन् हे एक मोठा फोटो येते, जाते, मंग दुसरा येते, जाते."

"येते-जाते तेच घे. सिनेमावानी आहे."

संध्यालेही तेच आवडलं होतं, अन् दुर्गेश साहेबालेही. मी खोटं कायले सांगू, मलेही आवडलं. भल्ला चमकून राहिलं होतं ते. अन् ते निवडलं.

ज्या दिवशी टीव्ही आला त्या दिवशी मले भिंतीवरून उतरवला. बिसरामनं तेव्हा एकच विचारलं, "पोरी, लाल कुठं राहील?"

"सगळंच येते काका त्यात. फिरत फिरत येते."

बिसरामनं मले उचलून बाजूले ठेवलं. गेटच्या अन् तीन नंबर गोदामाच्या मधात एक नाली आहे, ते पाहा, ती. कोणीतरी दुसऱ्या दिवशी मले तिच्यावर आडवा टाकला, पाय द्याले. झालो मी पूल. सोळा वर्षं रस्ता पाहिला, चौदा वर्षं भिंत पाहिली, अन् आता लोकायच्या चपला पाहून राहिलो होतो. हातगाडी गेली की बारदानाचा धुरळा तोंडावर. पावसाळ्यात खालून पाणी, उन्हाळ्यात वरून चटके. काळ्या रंगाचे पोपडे निघाले. पण बिजाचं अंग आहे, सडलो नाही. पडून पडून टीव्ही पाहत राहिलो.

टीव्हीवर आठ बातम्या होत्या. एक बातमी बारा सेकंद राहे. सेठचा सत्काराचा फोटो, मंग दुसऱ्या मिलमधलं झाडं लावणं, मंग कोणाचा वाढदिवस, मंग सुट्टी, मंग पाळ्या. नागपूरवाल्यायनं वाढदिवसाचं चित्र केलं होतं ते लाल भडक. लाल जमीन, त्यावर केक. पहिल्या दिवशी मंदाबाई लाल पाहून थबकली अन् सवयीनं ओरडली, "काय होय वो? कितवं गोदाम?"

सगळे खो खो हसले. "केक होय मावशी, केक! पिंटू ड्रायव्हरचा वाढदिवस."

दुसऱ्या दिवशी परत लाल. परत विचारलं. परत हसले. तिसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, पण विचारलं नाही. चवथ्या दिवशी पाहिलंच नाही. मले नालीवरून सगळं दिसत होतं, पण लाकडाले तोंड नसते.

मंग तो मंगळवार आला. सकाळी सात वाजता औषधवाले आले, तीन नंबरमध्ये गोळ्या ठेवल्या, पुढच्या दाराले चिकटपट्टी मारली, कागद लावला. मागच्या शटरले लावाची पट्टी संपली, ती आणाले गेले. संध्यानं सव्वासातले पानावर बातमी टाकली होती. बरोबर टाकली होती, शब्द न शब्द बरोबर. पण आठ बातम्यायत तिचा नंबर लागला सातवा.

बाया गेटमधून आल्या. गेटपासून वळणापर्यंत आठ पावलं. मी मोजली आहेत. टीव्हीवर त्या वेळी झाडं लावून राहिले होते. मंदाबाईचं सूप आदल्या दिवशी तीन नंबरमध्ये, मागच्या शटरजवळ राहिलं होतं. ती नालीकडं वळली.

अन् तिनं माझ्यावर पाय दिला.

मित्रांनो, चौदा वर्षं मी त्या बाईले थांबवलं होतं. त्या दिवशी माझ्याच पाठीवरून ती पलीकडं गेली. मी करकरलो. जेवढं लाकूड करकरू शकते तेवढा करकरलो. ती म्हणाली, "मेल्या, मोडशील एक दिवस," अन् शटर वर केलं.

आतून लसणासारखा वास आला. तो वास मी ओळखतो. शटरचा आवाज ऐकून बिसराम खाटेवरून उठले ते पळतच सुटले. मुकादम एवढे पळू शकतात हे कोणाले माहीत नव्हतं. श्वास रोखून आत गेले अन् तिले काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मंदाबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिथंच, माझ्यावर, ओकली. गोळ्या ठेवून तासही झाला नव्हता, गॅस पुरता उठला नव्हता, म्हणून वाचली. दवाखान्यात दोन दिवस काढले, आठ दिवस घरी.

परत आली त्या दिवशी संध्या गेटवरच उभी होती. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मावशी, बातमी टाकली होती मी. सव्वासातले."

"टाकली असशील माय. मले झाडं दिसले."

"पण त्याआधी लाल बातमी येऊन गेली होती, दुरून दिसली असेल..."

"लाल तं रोजच हाये आता. मले वाटलं आजबी कोनाचा तरी केक."

मंदाबाई एवढंच बोलून कामाले गेली. रागावलीही नाही. रागावली असती तं बरं झालं असतं. संध्या नालीच्या काठावर बसली, बराच वेळ, अन् तिची नजर माझ्यावर पडली. पोपडे निघालेल्या जागेतून जुना लाल रंग दिसून राहिला होता. तिनं नखानं खरवडलं. 'अं' निघाला. अजून खरवडलं. 'अंतर' निघालं.

"बिसरामकाका, हे काय होय?"

मंग बिसरामनं तिले सगळं सांगितलं. चैतरामनं त्यायले सांगितलेलं श्यामलाल पेंटरचं, लुनाचं, तीन फेऱ्यायचं, लाल कोपऱ्याचं, मुन्शीच्या रुमालाचं. शेवटी म्हणाले, "पोरी, तुवं चुकीचं नाही लिवलं. तुवं बसून लिवलं, अन् बसूनच पाहिलं."

संध्यानं डोळे पुसले, दुपट्टा कमरेले खोचला अन् म्हणाली, "काका, एका बाजूनं धरा. याले उचलू."

त्या दिवशीपासून त्या पोरीनं कंबर कसली. मले धुतला, गेटवर टेकवला, अन् कागद कापून कापून माझ्यावर ते चारही नमुने चिकटवले, टीव्हीएवढेच मोठे. एक दिवस ओळी, एक दिवस डब्बे, एक दिवस दोन रांगा. अन् फिरणाऱ्यासाठी ती स्वतः बाजूले उभी राहून बारा-बारा सेकंदानं कागद पलटवे. बाया पाळीवर येत, डोक्यावर टोपली, काखेत डब्बा, अन् आठ पावलं पुढं गेल्या की संध्या आडवी होऊन विचारे.

"रीता, काय दिसलं?"

"तुवा हात दिसला."

"कागदावर काय दिसलं?"

"कोनाचातरी फोटो. नाकावर ऊन होतं त्याच्या."

"बातमी कायची होती?"

"आता मले बातमी वाचाले लावते का कामाले जाऊ देते?"

डब्ब्यायच्या नमुन्यात सगळ्यायनं फोटो सांगितले, बातमी एकीनंही नाही. दोन रांगायत उजवीकडची रांग कोणी पाहिलीच नाही, कारण गेट डावीकडून आहे. धावती पट्टी तं मंदाबाईनं पाहिली अन् म्हणाली, "हे पळते, मीबी पळतो. भेट कशी होईल आमची?" एकाखाली एक ओळीत पहिली ओळ लोकायले आठवे, दुसरी अर्धी आठवे, सहावीच्या खाली अंधार.

तेरा दिवस हे चाललं. बाबूलोक हसले, कागदवाली बाई म्हणाले. ती नाही हसली. मले श्यामलाल आठवला.

शेवटी तिनं आपला पाचवा नमुना केला. वर आडवी पट्टी, पूर्ण रुंदीची, न हलणारी. तिथं फक्त जीवाची गोष्ट. एक मोठा आकडा अन् एक फुली, शब्द कमी. खाली पाचच ओळी, नवी वर. फोटो सगळ्यात खाली, बारीक डब्ब्यायत. पानावर दुसरं कुठंच लाल नाही, केकही हिरवा. अन् पट्टीवरची बातमी जो टाकेल त्याच्याच हातानं निघेल.

दुर्गेश साहेबाचा फोन आला. तिनं स्पीकरवर ठेवला, माझ्याजवळच.

"संध्या मॅडम, ही वरची पट्टी रोज भरणार का?"

"नाही सर. महिन्यात चार-पाच दिवस."

"म्हणजे पंचवीस दिवस पानावरची सगळ्यात भारी जागा रिकामी? अरे यार, तिथे सेठचा फोटो टाका ना. तसा दिवस असेल तेव्हा काढा."

"रिकामी असते म्हणूनच भरली की दिसते सर."

"ये मत सिखाओ. मी तीन कंपन्यांचे पान केले. लोकांना फिरणारं आवडतं."

"मलेही आवडलं होतं सर," संध्या म्हणाली. "अन् मंदाबाई दवाखान्यात गेली."

तिकडून तो मंग म्हणाला, "सोमवारी मी येतो सेठसोबत. तिन्ही मिलचा फैसला तेव्हाच होईल. सेठ हो म्हणाले तर ठीक, नाही तर फिरणारंच राहील."

सोमवार आला. संध्या सातले हजर. टीव्हीवर तिनं फिरणारंच ठेवलं. बिसराम गोंधळले, "अवं, तुवं पान काऊन नाही लावलं?"

"थांबा काका. सेठ पळत येतील ना, येऊ द्या."

त्या दिवशी बॉयलरची सफाई होती, झाकण उघडं, वाफेची लाइन मोकळी. खरीच गोष्ट. तिकडं कोणी जाऊ नये म्हणून बिसरामनं आपला माणूस वाटेवर उभा केला होता. फिरणाऱ्या पानावर ती बातमी तिसऱ्या नंबरवर होती.

सेठची गाडी आली. फोन कानावर, मागं दुर्गेश साहेब नव्या बुटात. आठ पावलं झाली अन् सेठ सरळ ऑफिसात. संध्या मागं मागं गेली. खिडकी उघडी होती, मले सगळं ऐकू आलं.

"सेठजी, गेटवर काय बातमी होती?"

"कौनसी बातमी? अरे भई, मी फोनवर होतो."

"आम्ही सगळे डोक्यावर टोपलं घेऊन असतो सेठजी."

सेठ हसले. "अच्छा. तो?"

"तो बॉयलर पाहून या ना. बाहेर निघा फक्त."

तेवढ्यात तिनं आपलं पान लावलं. सेठ बाहेर निघाले, फोन परत कानावर, बॉयलरकडं वळले. टीव्हीसमोर आले अन् त्यायचा पाय थांबला. फोनवर बोलता बोलताच थांबला. वर लाल पट्टी. बॉयलरचं चित्र, त्यावर फुली. सेठनं फोन खाली घेतला.

"बॉयलर को क्या हुआ?"

गेटवरच्या बाया हसल्या नाहीत. मंदाबाई पदर खोचून पुढं आली अन् म्हणाली, "काही नाही झालं सेठ. आता काही नाही होत. तुमी थांबले ना."

दुर्गेश साहेब बुटाकडं पाहत म्हणाले, "सर, पण रोज ती जागा रिकामी..."

"दुर्गेश," सेठ म्हणाले, "मेरा फोटो भी नीचे डालो. छोटा." मंग संध्याकडं वळले. "तिन्ही मिलमध्ये हेच लागेल. अन् ही पट्टी... मीही नाही काढू शकत?"

"टाकली तुम्ही तं तुम्हीच काढाल," संध्या म्हणाली. "मी टाकली तं मीच."

बिसरामनं मिशीवरून हात फिरवला. मले त्याच दुपारी त्यायनं परत काळा रंग दिला अन् टीव्हीच्या बाजूले टांगला. संध्यानं हट्ट धरला म्हणून. ती म्हणाली, लाइन गेली की टीव्ही आंधळा होते, अन् गोंदियात लाइन जाणारच. तेव्हापासून ती पानावर लाल पट्टी टाकते अन् लगेच बाहेर येऊन माझ्या कोपऱ्यातही लाल खडूनं आकडा काढते. पुसाची वेळ आली की दोन्हीकडं आपल्याच हातानं पुसते. नव्या रंगातूनही उन्हाळ्यात 'अंतर' थोडंसं उमटते. ती ते झाकू देत नाही.

झाली माझी गोष्ट. घंटी होते आता, तुम्ही उठाल. पण उठाच्या आधी या म्हाताऱ्या फाळक्याचं एक ऐका. तुमच्या शाळेत फळा असेल, घरी भिंत असेल, हातात फोन येईल एक दिवस. लोकायले सांगाचं असेल तं उठून, चालत, पळत एकदा पाहा, दुरून काय दिसते ते. वरचा कोपरा जीवाच्या गोष्टीसाठी मोकळा ठेवा, हौसेनं भरू नका. अन् मंदाबाईसारखं कोणी "काय होय वो?" विचारलं, तं हसू नका रे बाप्पा. सांगा त्याले.

अन् आता गेटातून जाताना मान वर करून एकदा पाहून घ्या. पट्टी रिकामी आहे, माझा कोपराही रिकामा आहे. बिनघोर घरी जा.